निअँडरथलांचे ताट आणि आपली चाळण

निअँडरथल मोठी जनावरे मारून खात असे. जनावरे कमी झाली आणि तो उपाशी मेला. ससा, मासा, शिंपला, कंद असे मिळेल ते खाणारा आपला पूर्वज मात्र तगला. ही गोष्ट व्याख्यानात सांगायला सोपी आणि ऐकणाऱ्याला पटायला त्याहून सोपी. पण गेल्या पंचवीस वर्षांत पुरावा इतका साचला आहे की पुरातत्त्वाच्या व्यवसायात असलेल्यांनी ती जशीच्या तशी सांगत राहणे आता शोभत नाही.

तिच्या मुळाशी असलेले काम चांगलेच होते. क्रोएशियातील व्हिंडिया गुहेतल्या निअँडरथल हाडांच्या कोलेजनमध्ये नायट्रोजन-१५ चे प्रमाण मोठ्या मांसभक्षकांच्या पातळीचे आहे, हे मायकेल रिचर्ड्स आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले. (त्या हाडांचे वय तेव्हा २८-२९ हजार वर्षे मानले जाई. पुढे नमुने अधिक काटेकोरपणे शुद्ध केल्यावर ते ४० हजारांच्या मागे गेले, हेही जाता जाता लक्षात ठेवावे.) बेल्जियम आणि फ्रान्समधल्या नमुन्यांनीही तोच सूर लावला. मापनाबद्दल वाद नव्हता, वाद अर्थाचा होता. माणसाचे यकृत प्रथिनांतले नत्र एका मर्यादेपर्यंतच बाहेर टाकण्याजोगे करू शकते. एकूण ऊर्जेपैकी साधारण ३५ टक्क्यांहून अधिक वाटा बराच काळ प्रथिनांतून येऊ लागला, तर माणूस भरल्या पोटी खंगतो. लांडग्याला ही अडचण नसते. मग लांडग्याच्या पातळीचे आकडे माणसात आले कुठून?

२०२५ मध्ये मेलनी बीझली, ज्युली लेस्निक आणि जॉन स्पेथ यांनी एक किळसवाणे पण गंभीर उत्तर पुढे ठेवले: साठवून कुजू दिलेल्या मांसातल्या माश्यांच्या अळ्या. अळ्यांमध्ये नायट्रोजन-१५ चे प्रमाण मांसाहून कितीतरी जास्त भरते, आणि उत्तर ध्रुवाकडच्या शिकारी समाजांनी असे मांस चवीने खाल्ल्याच्या नोंदी आहेत. निअँडरथलांनी अळ्या खाल्ल्याच, असे यातून सिद्ध होत नाही. पण नायट्रोजनचा आकडा वाढला म्हणजे नुसते मांस वाढले, ही सवयीची उडी आता मारता येणार नाही.

दुसरीकडे, जिथे बारीक चाळणी लागली तिथे ताट रुंदावत गेले. इराकमधील शानिदार आणि बेल्जियममधील स्पी इथल्या दातांवरच्या कीटणात अमांडा हेन्री आणि सहकाऱ्यांना पिष्टकण सापडले, त्यातले काही शिजवल्याने फुगलेले. स्पेनच्या बोलोमोर गुहेत ससे आहेत. जिब्राल्टरच्या व्हॅनगार्ड गुहेत सील आहे. पोर्तुगालच्या फिगेइरा ब्रावा गुहेत शिंपले, खेकडे, मासे आणि पाइनच्या बिया आहेत, तेही सुमारे एक लाख वर्षांपूर्वीचे. थंड गवताळ प्रदेशातला निअँडरथल आणि भूमध्य समुद्राकाठचा निअँडरथल यांचे जेवण एक नव्हते. 'निअँडरथलांचा आहार' असे एकवचन वापरणेच मुळात धाडसाचे आहे.

शिकारीचे काय? जॉर्जियातील ऑर्तवाले क्ल्दे या निवाऱ्यात निअँडरथलांनी आणि त्यांच्यानंतर आलेल्या आधुनिक माणसांनी मुख्यतः एकाच प्राण्याची, कॉकेशसच्या रानबोकडाची शिकार केली. दोघांनीही भर वयातली जनावरे टिपली. फ्रान्सच्या ग्रोत सेझ गुहेत ग्रेसन आणि देलपेश यांनी थरामागून थर हाडे मोजली, तर दोघांच्या खुरवाल्या प्राण्यांच्या निवडीत म्हणण्याजोगा फरक निघाला नाही. निअँडरथलांना शिकार जमत नव्हती, असे म्हणायला जागा राहत नाही. जर्मनीतील नॉयमार्क-नॉर्ड इथे तर सव्वा लाख वर्षांपूर्वी त्यांनी किमान १७२ मोठ्या प्राण्यांची हाडे फोडून, उकळून चरबी काढली. चरबीचे मोल त्यांना कळत होते, म्हणजे प्रथिनांची ती मर्यादाही त्यांनी अनुभवाने जाणली असणार.

मग आहाराचा प्रश्न निकालात निघाला का? आमच्या मते नाही. त्याची जागा बदलली आहे. पोटात काय गेले यापेक्षा वाईट वर्षात हाताशी किती शिल्लक राहत होते, हे विचारायला हवे. फ्रोले आणि चर्चिल यांच्या अंदाजानुसार तशाच हवामानातल्या आधुनिक माणसापेक्षा निअँडरथल देहाला दिवसाला १०० ते ३५० किलोकॅलरी जास्त लागत. एका माणसाला हे फार वाटत नाही. वीस-पंचवीस जणांच्या टोळीला, मार्चच्या अखेरीस, गाभण आणि रोडावलेली जनावरेच समोर असताना, ते फार होते. अशा हंगामात सर्वांत आधी भार पडतो तो गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईवर. ब्रायन हॉकेट यांनी हिशेब मांडून दाखवले आहे की केवळ मोठ्या प्राण्यांचे मांस खाऊन निअँडरथल बाईला गरोदरपण पार पाडणे कठीण होते. हा हिशेब २०१९ च्या देजोआन्नी आणि सहकाऱ्यांच्या प्रतिरूपाशेजारी ठेवून वाचा: तरुण स्त्रियांच्या जननदरात अवघी २.७ टक्के घट झाली, तरी ही लोकसंख्या दहा हजार वर्षांत नामशेष होऊ शकते. त्यासाठी ना कत्तल लागते, ना दुष्काळ. इतकी बारीक घट कोणत्याही एका थरात दिसणारही नाही.

ससे आणि तितर यांचे महत्त्वही इथेच. मेरी स्टायनर यांनी दाखवून दिल्याप्रमाणे कासव, शिंपला हाताने वेचता येतो, पण त्यांची संख्या सावकाश भरून येते; ससा पकडायला कठीण, पण भराभर वाढतो. जाळी आणि फासे असतील तर बायका-मुलांच्याही हाती रोजचे काहीतरी लागते. कुन आणि स्टायनर यांचे म्हणणे असे की कामाची अशी विभागणी निअँडरथलांत फारशी नव्हती. हा पक्ष आकर्षक असला तरी त्याचा बराच भार न सापडलेल्या गोष्टींवर आहे, आणि जाळी कुजतात.

म्हणून उत्तरे दातांत शोधावी लागतात. फ्रान्समधील पायरे इथल्या अडीच लाख वर्षांपूर्वीच्या निअँडरथल मुलाच्या दातावरून तान्या स्मिथ यांना ते वसंतात जन्मले, अडीच वर्षे अंगावर प्यायले आणि हिवाळ्यात आजारी पडले, इतके वाचता आले. एका दातातून एका मुलाचा हिवाळा मिळतो. असे पन्नास-साठ दात जमले तर या वादाला खरी धार येईल.

आपल्याकडच्या मध्य पुराश्मयुगीन स्थळांवर बहुतेक दगडच मिळतात, त्यामुळे हा वाद परका वाटू शकतो. पण ताम्रपाषाणयुगापासून पुढचे दात आपल्याकडे आहेत. इनामगावच्या दातांवर डेक्कन कॉलेजात झालेले काम सर्वांना ठाऊक आहे. नव्या उत्खननात दात निघाला की ब्रश घेऊन तो लखलखीत करण्याचा मोह आवरावा. कीटण जागेवर राहू द्यावे, आजूबाजूची माती वेगळ्या पिशवीत भरून तिच्यावर थर लिहावा आणि हातमोजे बिनपावडरचे वापरावेत, कारण पावडरीत बहुधा मक्याचे पिष्टच असते. आणि दुपारचा डबा चरापासून लांब उघडावा. पोळीच्या पिठाचे कण पाच हजार वर्षांचे म्हणून छापले गेले तर परीक्षक सोडणार नाहीत.