हिशेब नामंजूर, तर उमेदवारी बाद



ब्राझीलचं नाव आपण साखरेच्या भावामुळं ऐकतो. तिथली एक रीत मात्र घेण्याजोगी आहे. सरकारी पैशाचा हिशेब तपासणारं लेखा न्यायालय तिथं १८९० च्या हुकमानं स्थापन झालं. पुढं १३ लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या करून मागितलेला कायदा २०१० साली झाला. जाणूनबुजून केलेल्या गैरव्यवहारापायी ज्याचा हिशेब कायमचा नामंजूर होईल, त्याला ८ वर्षे उमेदवारी बंद! निवडणुकीच्या वर्षी नामंजूर हिशेबवाल्यांची यादी निवडणूक न्यायालयाकडे जाते.

पण मेख इथंच आहे. नगराध्यक्षाच्या हिशेबावर लेखा न्यायालय फक्त मत देतं. नगरसभेचे दोन-तृतीयांश सदस्य ते फिरवू शकतात. २०१६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही शेवटचा शब्द नगरसभेलाच दिला. म्हणजे ज्याचा हिशेब, त्याचेच सोबती पंच! माझ्या मते तपासणीचा निकाल बहुमताच्या हाती नसावा.

आपल्याकडेही लेखापरीक्षण अहवाल वार्षिक सभेपुढं येतो. 'मंजूर, मंजूर' म्हणण्याआधी तो वाचा. वजनकाट्यावर नजर ठेवता, तशीच त्याच्यावरही ठेवा.

— ऊस विकास अधिकारी