आस्तिक-नास्तिक ठरवले कोणी?

महाविद्यालयात तत्त्वज्ञान विषय घेतलेल्या आपल्या मुलांना घरातून पहिला प्रश्न येतो, ‘याने नोकरी लागेल का?’ प्रश्न रास्त आहे. पण या विषयाच्या पहिल्या धड्यांत काय शिकवले जाते, याकडेही समाजाने लक्ष द्यायला हवे.

तिथे भारतीय दर्शनांची वाटणी होते. सांख्य, योग, न्याय, वैशेषिक, मीमांसा, वेदान्त ही आस्तिक. चार्वाक, जैन, बौद्ध ही नास्तिक. मुलांना वाटते, नास्तिक म्हणजे देव न मानणारा. पण जगाचा कर्ता ईश्वर मीमांसकांनाही मान्य नाही. तरी ते आस्तिक! कारण कसोटी देवाची नाही, वेदप्रामाण्याची आहे. मनुस्मृतीही वेदनिंदकालाच नास्तिक म्हणते. म्हणजे हा शिक्का वेद मानणाऱ्यांनी मारलेला आहे.

बौद्ध आचार्य दिङ्नागाने प्रमाणे दोनच मानली : प्रत्यक्ष आणि अनुमान. ग्रंथात लिहिले म्हणून खरे, हे स्वतंत्र प्रमाण त्याने नाकारले. एवढा मोठा तर्कवारसा ‘नास्तिक’ या एका शब्दात गुंडाळायचा काय?

बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युई या तत्त्वज्ञाचे विद्यार्थी होते. १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ प्रबंधात त्यांनी गुरूचे ऋण मान्य केले आणि बजावले, की जात मोडायची तर आधी शास्त्रांचे प्रामाण्य मोडा. हा प्रमाणांचाच प्रश्न होता!

म्हणून मुलांना या वर्गातून मागे ओढू नका. तिथे बसून त्यांनी विचारलेच पाहिजे : ही कसोटी कोणाची?