'सेक्सी' म्हणजे नक्की काय?



मुलांच्या तोंडून 'सेक्सी' हा शब्द निघाला की घरात दोनच गोष्टी होतात. आई डोळे वटारते, नाहीतर बाबा ऐकलेच नाही असे दाखवतात. आमच्या मते दोन्ही चूक. घरी अर्थ कळला नाही तर मुले तो बाहेरून शिकतात आणि अर्धवट शिकतात.

इंग्रजीत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मूळ अर्थ शारीरिक आकर्षणाचा. दुसरा नुसता 'लक्ष वेधून घेणारे, हवेहवेसे' असा. २०१२ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'ने डेटा सायंटिस्टच्या कामाला एकविसाव्या शतकातले सर्वांत 'सेक्सी' काम म्हटले ते या दुसऱ्या अर्थाने. एरवी तांदूळ निवडावेत तसे आकडे निवडत बसण्यात मोहक ते काय!

त्याच वर्षी भारतात राष्ट्रीय महिला आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षा ममता शर्मा जयपूरला म्हणाल्या की, 'सेक्सी' म्हणजे सुंदर, आकर्षक. मुलींनी त्याचा वाईट अर्थ घेऊ नये. त्यावर बरीच टीका झाली. ती आम्हाला पटते. रस्त्यावर छेड काढणाराही हाच शब्द वापरतो, तेव्हा शब्दकोश उघडून मुलीचे समाधान कसे होणार?

आम्ही संगणकवाले. सी प्लस प्लसमध्ये एकाच नावाची अनेक फंक्शन्स असतात. त्यातले कोणते चालवायचे हे त्याला काय दिले आहे त्यावरून ठरते. या शब्दाचेही तसेच. गाडीला म्हटले तर कौतुक, वर्गातल्या मुलीला म्हटले तर तिच्या शरीरावर शेरा. तिला तो आवडला नाही तर "मी कौतुकच केले" हे उत्तर चालत नाही. आणि सुट्टीत भारतात गेल्यावर आजीच्या पैठणीला म्हटलेत, तर आजीला बहुधा पहिलाच अर्थ ठाऊक असणार!

मराठीने ही कामे वेगवेगळ्या शब्दांना वाटून दिली आहेत. गाडी झकास, सामना रंगतदार, बाळ गोंडस, चेहरा लोभस, चाल रुबाबदार, लावणी ठसकेबाज, पैठणी सुरेख. शारीरिक आकर्षणासाठी 'मादक' आहे. तो 'मद' म्हणजे नशा यावरून आला, म्हणून जपून वापरतात.

तेव्हा मुलांनो, तो इंग्रजी शब्द ओठांवर आला की आधी त्याजागी मराठी शब्द घालून पाहा. 'झकास' बसत असेल तर खुशाल बोला. 'मादक' बसत असेल तर गप्प राहिलेले बरे.