डब्यावरचं नाव

मैत्रिणींनो, परगावी गेलं की आपण देऊळ बघतो, बाजार तर बघतोच. पण संग्रहालय म्हटलं की लगेच पाय दुखायला लागतात! मीही त्यातलीच. पण इंग्लंडमध्ये शेफील्डला नणंदेकडे गेले होते, तेव्हा तिने आग्रहाने जवळच्या ईम नावाच्या खेड्यात नेलं.

एका जुन्या प्रार्थनामंदिरातलं हे छोटं संग्रहालय गावचे स्वयंसेवकच चालवतात. क्लॅरन्स डॅनियल नावाच्या गावकऱ्याने हौसेने घरी जमवलेल्या वस्तू आणि कागदपत्रं हे त्याचं मूळ. त्यांच्या पश्चात, १९९४ साली ते सर्वांसाठी उघडलं.

हे गाव प्लेगचं. १६६५ साली लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापडाचं गाठोडं आलं. दमट होतं म्हणून विस्तवापुढे वाळत घातलं आणि त्यातल्या पिसवांबरोबर रोग गावात शिरला, असं सांगतात. पुढच्या वर्षी पाद्री विल्यम मॉम्पेसन यांच्या सांगण्यावरून गावाने स्वतःला कोंडून घेतलं. आपला रोग शेजारच्या गावांना नको! शिवेवरच्या दगडातल्या खळग्यांत व्हिनेगर घालून त्यात पैसे ठेवायचे. बाहेरची माणसं जिन्नस ठेवून जायची. १४ महिन्यांत सुमारे २६० माणसं गेली.

तिथल्या एका आजींनी एलिझाबेथ हॅनकॉकची हकिगत सांगितली. ऑगस्ट १६६६ मध्ये, आठ दिवसांत, तिने नवरा आणि सहा मुलं आपल्या हातांनी पुरली. सांगताना आजींचा आवाज असा कातर झाला, जणू परवाच घडलंय!

घरी आले. दुसऱ्या दिवशी वरणाला डाळ काढताना पितळी डब्याच्या झाकणाकडे लक्ष गेलं. ‘सौ. द्वारका’ असं त्यावर कोरलंय. बारा वर्षं हा डबा मी वापरते. ही द्वारका कोण? ह्यांना विचारलं, तर म्हणाले, “असेल कोणी आत्या!” सासूबाईंना नक्की ठाऊक असणार, पण त्या जाऊन चार वर्षं झाली आणि मी कधी विचारलंच नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या परक्या बाईचं दुःख मला नावानिशी कळलं. माझ्याच स्वयंपाकघरातली बाई मात्र अनोळखी राहिली.

म्हणून सांगते, घरात वडीलधारं माणूस असेल तर या रविवारी दुपारी चहा घेऊन त्यांच्यापाशी बसा. जुन्या फोटोंमागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावं लिहा. शाई पुढे उमटते. भांड्यात चिठ्ठी ठेवा : कोणाचं, कुठून आलं, कशासाठी वापरायचे. मोडीत घालायचं असलं, तरी आधी एवढं विचारून घ्या.

मी काल माझ्या आईला फोन केला. तिच्याकडच्या पाटा-वरवंट्याची गोष्ट चांगली तासभर चालली!