सनदेची फी ठरवणारे कोण?

नवल भथेनांनी दिलेल्या पैशांवर बाबासाहेबांनी १९२३ साली वकिलीची सनद घेतली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले: नोंदणी फी ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५, कायद्याबाहेर वसुली नाही. तरीही, मी जिथे राहतो त्या जे. पी. नगरातल्या मुलांना सनद देणाऱ्या कर्नाटक बार कौन्सिलला ‘ऐच्छिक’ फी थांबवा, असे न्यायालयाला २०२५ मध्ये पुन्हा सांगावे लागले.

कौन्सिलचे सदस्य वकीलच निवडतात. पण १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने तिथे अनुसूचित जाती-जमातींना एकही राखीव जागा दिलेली नाही. मग फी ठरताना आपल्या घरची चूल कोणाला आठवणार?

मित्रांनो, सनद घेऊन थांबू नका. मतदारयादीत नाव तपासा, संघटित व्हा, उद्या निवडणूकही लढवा. जय भीम!