पत्ता हवा, नाव नको

जुन्या ताइकोचे, म्हणजे जपानी ढोलाचे, कातडे फाटले की ते उतरवतात. मग ढोलाच्या लाकडी पोटात शाईने लिहिलेली अक्षरे दिसतात. कारागिराचे नाव, त्याचे गाव, साल. पुढे ज्याने कातडे बदलले त्याचेही नाव. नवे कातडे चढते, खिळे बसतात आणि ही नावे पुन्हा अंधारात जातात.

ओसाकाच्या नानिवा भागात, पूर्वीच्या वातानाबे गावात, हे काम पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. गाईच्या कातड्याचे केस आणि मांस खरवडून काढायचे. ते खोडावर दोऱ्यांनी आवळायचे. मग स्वतः त्याच्यावर उभे राहून पायांनी तुडवायचे, ठोकून बघायचे, पुन्हा आवळायचे, हवा तो नाद लागेपर्यंत. कान तयार नसेल तर हे जमत नाही. पण मेल्या जनावराला हात लावतो म्हणून हा माणूस विटाळलेला ठरला. त्याच्या हातचा ताइको थेट देवळात गेला. त्याच्याशी सोयरीक मात्र कुणी केली नाही.

जपानमध्ये १८७१च्या सरकारी फर्मानाने हा भेद कागदोपत्री संपला. पण १९७५मध्ये उघडकीस आले की, विटाळलेल्या ठरवलेल्या लोकांच्या वस्त्यांची गावनिहाय यादी गुपचूप विकली जाते आहे. ती विकत घेणाऱ्या कंपन्या दोनशेहून अधिक होत्या आणि त्यांत नावाजलेल्याही होत्या. नोकरीला आलेल्या उमेदवाराचे मूळ गाव यादीशी ताडायचे आणि ते त्यात निघाले की त्याला परत पाठवायचे. लग्न ठरवतानाही खासगी गुप्तहेर लावून हीच चौकशी. कारागिराचा पत्ता काढण्यासाठी जपानी समाज पैसे मोजतो. ढोल कुणी केला, हे मात्र त्याला विचारावेसे वाटत नाही.

ताइको आज जपानची शान म्हणून जगभर वाजतो. टाळ्या वादकांना मिळतात. नानिवात तर ढोल तयार व्हायचे आणि ते वाजवायचे दुसरेच. १९८७मध्ये तिथल्या तरुणांनी स्वतःचे पथक उभे केले आणि त्याचे नाव ठेवले ‘इकारी’, म्हणजे संताप. यापेक्षा वेगळे नाव त्यांना शोभले नसते.

कार्यक्रमपत्रिकेत वादकाशेजारी कारागिराचे नाव छापा, अशी मागणी सहज करता येईल. पण नाव छापून आले की पत्ता कळतो आणि पत्ता कळला की मुलीचे ठरलेले लग्न मोडू शकते. म्हणून कितीतरी घरे आपण होऊन गप्प राहतात. त्यांना धीट व्हायला सांगणे हा अन्याय आहे. बंदोबस्त व्हायला हवा तो यादी करणाऱ्यांचा.

तो होत नाही. २०१६मध्ये १९३६च्या एका सर्वेक्षणातली वस्त्यांची यादी पुस्तकरूपाने पुन्हा छापण्याचा घाट घातला गेला. वस्तीतल्या लोकांना कोर्टात जाऊन ते पुस्तक रोखावे लागले. त्याच वर्षी जपानच्या संसदेने हा भेदभाव संपवण्यासाठी कायदा केला. भेदभाव अजून आहे, हे त्या कायद्यात मान्य केले आहे. शिक्षेचे कलम त्यात एकही नाही. ते घातल्याशिवाय हा कायदा कुणाच्याच कामाचा नाही.