घाई म्हणजे तयारी नव्हे

प्रवास म्हटला की धावपळ आलीच, असे म्हणणाऱ्या तमाम मंडळींशी माझे भांडण आहे. त्यांत पहिला नंबर आमच्या मेव्हण्यांचा. पाचोऱ्याच्या फलाटावर चालती गाडी आपण किती वेळा पकडली, हे ते शौर्यपदके मोजावीत तसे मोजून सांगतात.

मी बँकेतला कारकून. मुदतीचे महत्त्व मला कळते. रेल्वेचे तिकीट साठ दिवस आधी काढता येते. 1 नोव्हेंबर 2024 पूर्वी तर 120 दिवस आधी मिळे. एवढी मुदत हाती असून आमच्या घरचा सगळा व्यवहार शेवटच्या साठ मिनिटांत! बॅगेवर बसून चेन लावणे, दशम्या बांधणे, गॅस बंद आहे हे तिघांनी पाहणे आणि चौथ्याने खात्रीसाठी तो चालू करून पाहणे. याला आम्ही तयारी म्हणतो.

गेल्या वर्षी वडिलांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला न्यायचे होते. डाग सात. त्यांत शेंगदाण्याची चटणी दोन प्रकारची. गाडी थांबते जेमतेम दोन मिनिटे. तेवढ्यात सातही डाग चढवले. चाळीसगाव आले तेव्हा वडिलांनी हळूच विचारले, "माझी फाईल घेतलीस ना रे?"

फाईल फ्रिजवर होती. विसरू नये म्हणून मीच ठेवली होती.

ऑपरेशन तीन आठवडे लांबले. तेवढे दिवस वडील पेपर नुसता हातात धरून बसत. एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

मेव्हणे म्हणतात, "शांत बसणाऱ्याची गाडी चुकते." चुकू द्या! गाडी दुसरी मिळते.

जुनी माणसे शहाणी होती. निघताना देवाला नमस्कार, हातावर दही, आणि 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणायचे. मला वाटते, दह्याच्या निमित्ताने माणूस मिनिटभर थांबावा आणि काय राहिले ते त्याला आठवावे, हीच त्यातली मेख. आम्ही दही ठेवले, मिनिट घालवले. एका पायात चप्पल घालून दही चाटतो नि पळतो. आमची पाचोरा-जामनेर पीजे होती तोवर थोडी तरी शिस्त होती. त्या छोट्या गाडीला स्वतःलाच घाई नसे. 2020 साली तीही थांबली.

आता जरा गंभीर बोलतो. 22 जानेवारी 2025 रोजी आमच्याच तालुक्यात, परधाड्याजवळ, लखनौहून मुंबईला निघालेल्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली. माणसे शेजारच्या रुळांवर उतरली आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. दहाहून अधिक जीव गेले. त्यांना मी दोष देत नाही. घाबरलेल्या माणसाला कोण दोष देणार? पण तेव्हापासून मनात एक येते. जो घरातून निघतानाच धापा टाकतो, तो ऐनवेळी दोन क्षण थांबून उजवी-डावीकडे पाहील कसा? थांबण्याची सवय घरीच लावावी लागते. तीही घरी कुणाला तरी 'येतो' असेच सांगून निघाली असतील.

म्हणून आमच्या घरात आता नियम आहे. बॅगा आदल्या रात्री भरायच्या, कागदपत्रे गळ्यातल्या पिशवीत ठेवायची आणि निघण्यापूर्वी पाच मिनिटे सगळ्यांनी गप्प बसायचे. मेव्हणे हसतात. आई मात्र म्हणते, "हसू दे त्याले. तुले काय घाई शे?"

वडील तेवढ्यात पेपर वाचून घेतात. चष्म्याशिवाय.